आईच्या मनगटावरचं घड्याळ आणि औषधाची ट्रायल : अनुभव हवेत

सावनी_चिंचवड

मंडळी, जरा लांबण लागणार आहे, आधीच सांगून ठेवते.

आई ६७ वर्षांची. पार्किन्सन्स होऊन सहा वर्षं झाली. उजवा हात कापतो, आणि दाराच्या उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. बाकी तब्येत ठणठणीत, जीभ त्याहून. गेल्या महिन्यात तिच्या न्यूरॉलॉजिस्टनी एका ट्रायलबद्दल विचारलं. नवीन औषध, निम्म्या लोकांना खरी गोळी आणि निम्म्यांना खोटी. (हॉस्पिटलचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कृपया विचारू नका.)

नेहमीच्या तपासण्या आहेतच, पण शिवाय मनगटावर घड्याळासारखा सेन्सर आहे. रात्रंदिवस घालायचा, फक्त अंघोळीला काढायचा. आणि रोज संध्याकाळी त्यांनी दिलेल्या फोनवर प्रश्नांची उत्तरं द्यायची. पहिले सहा आठवडे नवं औषध नाही, नुसतं घड्याळ.

पहिला आठवडा संपला आणि कोऑर्डिनेटर मुलीचा फोन आला. मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी सहा ते सात आईच्या हाताची हालचाल एकदम वाढलेली दिसतेय, तेव्हा काही त्रास झाला होता का? मी आईला विचारलं. ती म्हणाली, "अगं, भजन असतं ना." सोसायटीच्या भजनी मंडळात ती टाळ वाजवते. म्हणजे तासभर घड्याळ टाळ मोजत बसलं होतं!

दुसरी गंमत त्या प्रश्नांची. मराठीत आहेत, पण एक प्रश्न असा : "तुम्ही एक ब्लॉक चालू शकता का?" आईने चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं. "ब्लॉक कसा चालेल?"

तर जाणकारांनी प्रकाश टाकावा. १) अशा यंत्रांवर औषधाचा निकाल ठरवतात का? २) ही सगळी माहिती जाते कुठे? ३) कोणाच्या घरी असं झालंय का? आई उत्साहात आहे, मीच घाबरतेय.

फाईलवाली

मी पुण्यात नऊ वर्षं क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर होते. आता सोडलं, पण हात अजून लाल-निळ्या फायलींकडेच जातात.

टाळाबद्दल फोन आला, हे चांगलं लक्षण आहे. कंपनीच्या डेटावाल्यांनी शंका काढली, साईटने (म्हणजे हॉस्पिटलमधल्या ट्रायलच्या टीमने) ती तुम्हाला विचारली, उत्तराची आता नोंद होईल. आमच्या वेळी कागदी डायरी असायची. पेशंट व्हिजिटच्या आदल्या रात्री बसून महिन्याभराची डायरी एका बैठकीत भरायचे. तीस दिवसांची एकाच पेनने, एकाच वळणाची अक्षरं. त्यापेक्षा घड्याळ बरं म्हणायचं.

पार्किन्सन्सचा कंप साधारण सेकंदाला चार ते सहा वेळा होतो, आणि हात मांडीवर स्वस्थ ठेवलेला असताना जास्त. यंत्राला तोच ताल पकडायला शिकवलेलं असतं. पण मनगटाला काय कळतंय हात स्वस्थ आहे की कामात? टाळ, खोबरं किसणं, खड्ड्यातून जाणारी रिक्षा, सगळं तिथे हालचाल म्हणूनच उमटतं. हे गाळायची गणितं असतात, पण ती ज्यांच्या हातांवर शिकवली त्यांच्या घरात बहुतेक खवणी नसावी.

ब्लॉकचं मात्र चुकलंच. (अमेरिकन इंग्रजीत ब्लॉक म्हणजे एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंतचं अंतर.) प्रश्नावली मराठीत आणायची ठरलेली रीत असते. दोघांनी वेगवेगळं भाषांतर करायचं, तिसऱ्याने ते उलट इंग्रजीत न्यायचं, मग काही खऱ्या पेशंटना समोर बसवून "यातून तुम्हाला काय कळलं?" असं विचारायचं. ही शेवटची पायरी घाईत उरकली की असे ब्लॉक राहून जातात. साईटला लेखी कळवा.

आणि हे बघून घ्या : संमतीपत्राची मराठी प्रत घरी हवी. त्यावर एथिक्स कमिटीचा फोन हवा, तो लागतो का तेही बघा. ट्रायल कधीही, कारण न देता सोडता येते आणि त्याने नेहमीचे उपचार थांबत नाहीत. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई हे २०१९ च्या नियमांत आहे. सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या ट्रायल्सची सरकारी नोंदवही, तिच्या वेबसाइटवर ट्रायलचं नाव शोधा. आपल्याकडे १५ जून २००९ पासून ही नोंदणी सक्तीची आहे. तिथे "प्राथमिक निष्कर्ष" म्हणून काय लिहिलंय ते वाचलंत की तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळेल. घड्याळ तिथे नसेल तर ते जोडीला ठेवलंय, औषधाचा निकाल त्यावर लागणार नाही.

मेगाब्लॉक

ब्लॉक चालू शकता का? रविवारी हार्बरवर विचारून बघा म्हणावं.

(अवांतराबद्दल क्षमस्व. काकूंना नमस्कार.)

नाशिकचे_अण्णा

स्पष्टच लिहितो, राग मानू नये. घड्याळ हातात बांधलं की माणसाला वाटतं आपली काळजी घेतली जातेय. काळजी औषधाची घेतली जातेय, आईची नाही. इंदूरच्या ट्रायल्सचं प्रकरण २०१२-१३ मध्ये सुप्रीम कोर्टात गेलं होतं, तेव्हाच्या बातम्या काढून वाचा. लोकांना आपण ट्रायलमध्ये आहोत हेच ठाऊक नव्हतं, अशा तक्रारी होत्या. आता अंगठ्याच्या जागी अ‍ॅप आलंय, आणि अ‍ॅपवर "मान्य आहे" दाबायला तर अंगठासुद्धा पूर्ण लागत नाही.

फाईलवाली

अण्णा, त्याच प्रकरणानंतर संमतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग आलं. आज नव्या रसायनाची ट्रायल असेल आणि पेशंट दुर्बल गटातला असेल तर ते करावंच लागतं. कॅमेऱ्यासमोर पेशंटला प्रश्न विचारायला लावलं की डॉक्टरांची घाई आपोआप कमी होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बाकी तुमचं म्हणणं निम्मं मान्य.

अटलांटिकपार

मी न्यू जर्सीत बायोस्टॅटिस्टिशियन आहे. मूळ गाव वाई. रोज हेच काम, त्यामुळे राहवलं नाही.

यंत्रावर औषधाचा निकाल ठरतो का? आता ठरू शकतो. याचं सर्वांत पक्कं उदाहरण ड्यूशेन आजारातलं आहे. लहान मुलग्यांचे स्नायू हळूहळू झिजत जातात. या मुलांच्या ट्रायलमध्ये वर्षानुवर्षं एकच परीक्षा होती : हॉस्पिटलच्या बोळात सहा मिनिटं चाल, किती मीटर झालं ते मोजू. आता आठ वर्षांचा पोर, दोन तास गाडीत बसून आलेला, रक्त काढल्यावर रडलेला, त्याला म्हणायचं चाल बाळा. त्या दिवशीचा मूड म्हणजे त्या दिवशीचा निकाल. मग घरी घालायचा सेन्सर आला. मुलाने दिवसभरात टाकलेली हजारो पावलं तो मोजतो आणि त्यातली सर्वांत वेगवान पाच टक्के कुठून सुरू होतात तो वेग काढतो. सरासरी घेत नाहीत, कारण मूल दिवसभर रमतगमत चालतं. पण आईस्क्रीमवाला आला की जीव तोडून पळतं, आणि आजार किती पुढे गेलाय ते त्या पळण्यात दिसतं. युरोपच्या औषध नियामकांनी हे माप २०१९ मध्ये दुय्यम म्हणून मान्य केलं आणि २०२३ मध्ये मुख्य माप म्हणून. अमेरिकेच्या एफडीएचीही अशा दूरस्थ मापनाबद्दलची अंतिम मार्गदर्शिका डिसेंबर २०२३ मध्ये आली.

आता खोट. लोक यंत्र घालेनासे होतात. फोनवरून चालवलेल्या आठ अभ्यासांची माहिती एकत्र करून २०२० मध्ये एक निबंध आला, एक लाखाहून जास्त सहभागी. मध्यक सहभागी साडेपाच दिवस टिकला, म्हणजे निम्मे लोक त्याआधीच गळाले. दिवस, महिने नव्हे! ज्यांना स्वतःच्या डॉक्टरांनी पाठवलं होतं ते कितीतरी जास्त टिकले, आणि वयस्कर लोक तरुणांपेक्षा चिवट निघाले. तेव्हा काकूंची काळजी नको.

दुसरी खोट म्हणजे घड्याळ असतं कोणाकडे? घड्याळाला हृदयाची अनियमित लय पकडता येते का, या ॲपलच्या अभ्यासात ४,१९,२९७ माणसं होती. निम्म्याहून जास्त चाळिशीच्या आतली. ही अनियमित लय मुख्यतः म्हातारपणी गाठते, आणि पासष्टीच्या पुढचे जेमतेम सहा टक्के. सूचना आली २१६१ जणांना, आणि खात्रीसाठी टपालाने पाठवलेली ईसीजीची पट्टी लावून परत करणारे निघाले ४५०. त्यातल्या ३४ टक्क्यांत दोष सापडला. सव्वाचार लाखांपासून सुरुवात करून आपण साडेचारशेवर येतो, हे, मोठे आकडे छातीवर आदळतात तेव्हा कोणी सांगत नाही.

टाइपवन_बाबा

सगळे ट्रायलबद्दल लिहितायत, मी दुसरी बाजू लिहितो.

सांगली. मुलगा अकरा वर्षांचा, पाचव्या वर्षापासून टाइप वन (रोज इन्सुलिन लागणारा डायबेटिस). दुकान बंद करून घरी आलो की माझी दुसरी ड्यूटी सुरू व्हायची. रात्री दोनचा गजर, टॉर्च तोंडात धरून झोपलेल्या पोराचं बोट टोचायचं. साखर ६० असली तर त्याला बसतं करून साखरपाणी पाजायचं, तो अर्धवट झोपेत "बाबा नको" म्हणणार. १८० असली तर झोपायचं, पण झोप येत नाही, कारण ती चढतेय की उतरतेय ते एका थेंबात कळत नाही.

मग दंडावर लावायचा सेन्सर आला. चौदा दिवस चालतो, एक चार-पाच हजारांच्या घरात, म्हणून महिन्यात एकच लावतो. दुसरे दोन आठवडे पुन्हा टॉर्च. पण त्या चौदा दिवसांत जे कळलं ते आधीच्या चार वर्षांत कळलं नव्हतं. शाळेत पीटीचा तास मंगळवारी असतो, आणि साखर पडायची मंगळवारी रात्री, पीटीनंतर आठ-नऊ तासांनी. आम्ही उगाच रात्रीच्या जेवणाला दोष देत होतो. मी तीन महिन्यांचे आलेख एकावर एक ठेवून डॉक्टरांना दाखवले. त्यांनी पाच मिनिटं बघितलं आणि मंगळवारचा रात्रीचा डोस कमी केला. एवढंच. पण ते "एवढंच" आम्हाला सापडलं होतं.

हे मी कुठून शिकलो? अमेरिकेत २०१३ मध्ये एका बापाने (तो इंजिनियर होता, मी मोबाइल ॲक्सेसरीजवाला) मुलाच्या सेन्सरमधला आकडा खटपटी करून इंटरनेटवर चढवला, म्हणजे ऑफिसात बसून मुलाची साखर दिसेल. त्यातून नाइटस्काउट उभं राहिलं, फुकट, सगळ्यांसाठी. त्यांचं घोषवाक्य होतं "आम्ही वाट बघत बसणार नाही". सिएटलची डेना लुईस स्वतः टाइप वन. रात्री सेन्सरच्या गजराने तिला जागच यायची नाही, म्हणून आधी गजर मोठा केला, मग नवऱ्याबरोबर असं गणित बांधलं की पंप स्वतःच इन्सुलिन कमी-जास्त करेल. २०१५ मध्ये तो आराखडा सगळ्यांना खुला केला. कंपन्यांचे असे आपोआप चालणारे पंप बाजारात येण्याआधी ही घरची यंत्रं चालू होती.

लोक म्हणायचे पोरखेळ आहे. मग न्यूझीलंडमध्ये रीतसर ट्रायल झाली, ९७ जण, मुलं आणि मोठी माणसं, २४ आठवडे. २०२२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलला छापून आली. घरच्या गणितावर चालणाऱ्यांची साखर नेहमीच्या पंपवाल्यांपेक्षा दिवसाला ३ तास २१ मिनिटं जास्त वेळ ताब्यात राहिली. आकडा पाठ आहे माझा. सव्वातीन तासांहून जास्त म्हणजे टाइप वनच्या घरात काय असतं ते ज्याचं त्याला माहीत.

आमच्याकडे पंप नाही, परवडत नाही. इन्सुलिनचं पेनच. पण आलेख आहे.

नाशिकचे_अण्णा

बाबा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुम्हाला काही म्हणत नाही. पण उद्या व्हॉट्सॲपवरचा प्रत्येक जण "मला गुण आला" म्हणत संशोधक होणार. आमच्या गल्लीत एक जण काढ्याची ट्रायल घेतोय चाळीस लोकांवर.

अटलांटिकपार

अण्णा, रास्त. म्हणून एक उलटं उदाहरण.

२००८ मध्ये इटलीतून एक छोटा अभ्यास आला. एएलएस, म्हणजे हातपाय, गिळणं, श्वास एकेक करून जाणारा आजार. लिथियम दिलेले सोळाच्या सोळा पेशंट पंधरा महिन्यांनी जिवंत होते, न दिलेल्यांतले तीस टक्के गेले होते. हे वाचून कोण थांबेल? पेशंटांनी आपापल्या डॉक्टरांकडून लिथियम सुरू केलं आणि पेशंट्सलाइकमी नावाच्या साइटवर दर महिन्याला आपली अवस्था नोंदवायला लागले. साइटवाल्यांनी लिथियम घेणारे १४९ जण घेतले आणि प्रत्येकाला आधीचा आजार त्याच वेगाने गेलेले, पण लिथियम न घेणारे जोडीदार शोधून तुलना केली. निष्कर्ष : काडीचा उपयोग नाही. २०११ मध्ये छापलं. रीतसर ट्रायल्सचंही पुढे तेच उत्तर आलं.

मला ही गोष्ट आवडते ती यासाठी, की ज्यांना उत्तर "हो" हवं होतं त्यांनीच मोजून "नाही" म्हटलं. काढेवाल्याकडे "न घेतलेले चाळीस" आहेत का, एवढं विचारून या.

सावनीताईंचा दुसरा प्रश्न राहिला होता. हीच साइट २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका विमा समूहाने विकत घेतली. आपण माहिती ज्याला दिली तो उद्या विकला जाऊ शकतो. ट्रायलमध्ये तुलनेने बरं असतं, नावाऐवजी नंबर असतो. पण घड्याळ बनवणारी कंपनी तिसरीच असते. तिच्याकडे जीपीएस जातं का, ट्रायल संपल्यावर माहिती किती वर्षं राहते, हे दोन प्रश्न लेखी विचारा.

धाप

साताऱ्यात शिक्षिका आहे. २०२१ च्या कोविडनंतर दोन वर्षं मी "मनावर घेतेस" हे वाक्य ऐकलं. रिपोर्ट सगळे नॉर्मल. जिना चढून दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात गेले की त्या दिवशी काही नाही, तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवायचं नाही.

लाँग कोविड हे नाव डॉक्टरांनी दिलेलं नाही, हे इथे किती जणांना माहीत आहे? मे २०२० मध्ये इटलीतल्या एलिसा पेरेगो यांनी, स्वतः आजारी असताना, ट्विटरवर तो शब्द वापरला. पुढे आजारी लोकांच्याच एका गटाने प्रश्नावली काढली. ५६ देशांतले ३७६२ जण, २०३ लक्षणं. त्यात श्रमानंतर उशिरा कोसळणं हे ठळक आलं. मी ते वाचून रडले. आजारामुळे नाही, कोणीतरी माझा तिसरा दिवस प्रश्न म्हणून विचारला होता म्हणून.

पण खरं सांगायचं तर ते उत्तर देणारे बहुतेक अमेरिका-ब्रिटनचे, बायका जास्त, इंटरनेट हाताशी असलेले. माझ्या शाळेतल्या मावशींना तोच त्रास होता. त्यांनी कोणाला कळवलं? त्या फरशी पुसताना अध्येमध्ये बसायच्या.

मी साधा पल्सचा पट्टा वापरते. ठोके ११० च्या वर गेले की बसायचं, जिन्यातच. मुलं आता म्हणतात, बाईंचं स्टेशन आलं. (हा आकडा माझा आहे, माझ्या डॉक्टरांशी बोलून ठरवलेला. उचलू नका.)

टीबीताई

सरकारी कामातली माणूस आहे, जास्त लिहीत नाही. ९९डॉट्स आठवतंय का कोणाला? टीबीच्या गोळ्यांच्या पाकिटाला पुठ्ठ्याचं कव्हर. गोळी दाबून काढली की मागे लपलेला फोन नंबर दिसायचा, त्यावर फुकट कॉल करायचा, म्हणजे गोळी घेतली अशी नोंद. एचआयव्हीबरोबर टीबी असलेल्यांना एआरटी केंद्रावरून (जिथे एचआयव्हीची औषधं मिळतात) द्यायचो. कल्पना झकास. पण फोन नवऱ्याकडे, नवरा कामावर. गोळी घेतली, कॉल नाही, आमच्या स्क्रीनवर लाल. काही जण उलट, कॉल केला की ताई घरी येत नाही म्हणून कॉल करायचे, गोळी उशीखाली. नंतर संशोधकांनी अचानक घरी जाऊन लघवीत औषध सापडतं का ते तपासलं, तेव्हा कॉलचा आणि गोळीचा मेळ बराच कमी बसला.

मला लाल-हिरव्याचा उपयोग एकच झाला. आज कोणाच्या घरी आधी जायचं ते कळायचं. जायला लागायचंच.

मेगाब्लॉक

टीबीताई +१. वाचनखूण साठवली आहे.

सावनी_चिंचवड

महिन्याने येतेय, क्षमस्व. सगळ्यांचे आभार, आणि आता वृत्तांत.

सीटीआरआयवर नोंद सापडली. मुख्य निष्कर्ष डॉक्टरांनी तपासून दिलेल्या गुणांवर आहे, घड्याळ दुय्यमात. जीपीएस नाही, हे लेखी मिळालं. ब्लॉकबद्दल पत्र दिलं, "पुढे कळवलं आहे" असं उत्तर आलं. आई आता त्या प्रश्नाला "स्टँडपासून देवळापर्यंत" असं मानून उत्तर देते, आणि ते मी कोऑर्डिनेटरला सांगून ठेवलंय.

पण खरी गोष्ट वेगळीच. बाबांचा मंगळवार वाचून मला सुचलं. मी आईला म्हटलं, आपणही लिहू. तिने वही नाकारली, कालनिर्णय घेतलं. पाय अडकले, हात आखडला की त्या दिवसाच्या चौकोनात टिंब आणि वेळ. तीन आठवड्यांनी आम्ही दोघी जमिनीवर बसून बघत होतो. बहुतेक टिंबं दुपारी दीड ते तीन. आणि ज्या दिवशी जास्त, तो दिवस आईला चटकन आठवला : मटकीची उसळ, पनीर, डाळ-ढोकळी. उपासाच्या दिवशी जवळजवळ टिंबच नाही. दुपारची सिंडोपा (तिची पार्किन्सन्सची नेहमीची गोळी) ती जेवणाबरोबर घ्यायची.

डॉक्टरांना दाखवलं. ते हसले. म्हणाले, गोळीतलं लेव्होडोपा आणि डाळींमधली प्रथिनं आतड्यातून आणि पुढे मेंदूत एकाच दारातून जातात, दोघांची ढकलाढकली होते. हे सहा वर्षांपूर्वी सांगितलं होतं म्हणे. असेल. तेव्हा पंचवीस गोष्टी सांगितल्या होत्या. आता गोळी जेवणाआधी पाऊण तास.

मी उत्साहाने घड्याळवाल्यांना विचारलं, तुमच्याकडेही दुपार दिसली असेल ना? त्यांच्याकडून काही सांगता येत नाही म्हणे, ट्रायल संपेपर्यंत झाकलेलं असतं. कारण समजलं, तरी जरा टोचलं. हात तिचा, दुपार तिची.

फाईलवाली

गोळीची वेळ बदलल्याचं साईटला सांगितलंत ना? नसेल तर आजच सांगा. आधीची औषधं स्थिर असणं ही अट असते, वेळ धरून.

सावनी_चिंचवड

सांगितलं. नवं औषध सुरू झालं नव्हतं, म्हणून ते सहा आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजणार आहेत. आई चिडली, मग म्हणाली, बरंय, एकादशी त्यात येतेय. भजनाच्या वेळा तिने स्वतः फोन करून लिहून दिल्या.

टाइपवन_बाबा

ताई, कालनिर्णयच्या पानाचा फोटो टाकाल का? मुलाला दाखवायचाय.

सावनी_चिंचवड

टाकते. पण त्याच चौकोनात दुधाचा हिशोब आहे. टिंब म्हणजे पाय अडकले, फुली म्हणजे दूध आलं नाही. आणि ११ तारखेला दोन्ही आहे, ते आईलाही आता सांगता येत नाहीये.